आईचा हौद

मी मस्कतला नर्स होते तेव्हाची ही गोष्ट. शिकले अंबाजोगाईला आणि पोटामागं समुद्र ओलांडून गेले. नेकनूरजवळच्या आमच्या गावात मी दोन खोल्यांचं घर बांधलं होतं, तेही सुटीत येऊन राहण्यापुरतं. अकरा महिने कुलूप आणि एक महिना आमचा गोंधळ. आई एरवी अंबाजोगाईला भावाकडं असायची. घर बांधताना तिनं एकच हट्ट धरला, "खोल्या बारक्या चालतील, पण हौद मोठा कर."

का, ते मी विचारलं नाही. आम्ही बौद्ध. आई नवी नवरी होऊन गावात आली तेव्हा वरच्या आळीच्या आडाला आमच्या बायकांनी हात लावायचा नाही, अशी रीत होती. घागर खाली ठेवून बसायचं. कुणाला दया आली तर ती लांबून, वरून पाणी ओतायची. कधी तासभर बसावं लागे, कधी दुपार व्हायची. आईला स्वतःचं पाणी हवं होतं.

भूकंप झाला त्या वर्षी दुष्काळही होता. टँकर चार दिवसांआड यायचा, आला तर. धड पाऊस दोनच झाले, पण तेवढ्यात पत्र्यावरून आमचा हौद भरला होता. घराची किल्ली शेजारच्या भाऊंकडं असायची. ते आमच्या सहकारी दूध डेअरीचे सचिव. मी रेडिओवर बातमी ऐकली आणि डेअरीत फोन लावत बसले, लागेचना. आई भावाकडच्या फोनवर म्हणाली, "घर पडलं तर पडू दे. माझा हौद बघ." रडत-भांडत रजा मिळवली आणि सहाव्या दिवशी आईला घेऊन गावात उतरले.

घर उभं होतं. एका भिंतीला भेग, फडताळातली भांडी खाली. मी मागं जाऊन हौदाचं झाकण उचललं. आत ठणठणीत कोरडं! वर बादलीचा दोर तसाच पडलेला. आई माझ्या मागून वाकून बघत होती. ती हौदाच्या काठावर बसली.

माझं डोकं सणकलं. माझी जीभ आधी धावते, अक्कल मागून रमतगमत येते. भाऊ आले तर त्यांना बसा म्हणायचं सोडून मी भर रस्त्यात ओरडले, "कुंपणानंच शेत खाल्लं की हो! किल्ली काय ह्यासाठी दिलती?"

"ताई, ऐका तर खरं."

"काय ऐकू? हौद काय आपोआप पिला पाणी?"

"व्हय, त्यानंच पिलं," भाऊ म्हणाले. "धक्का बसला त्या सकाळी झाकण काढलं, तर पाणी ईतभर खाली. दुपारपातूर आणखी ईतभर. तळाला भेग पडली हाय. तुमाला इचारावं तर फोन बंद. दूध आटलंय, डेअरीचे कॅन रिकामेच होते. ते भरले. लई पाणी राहिलं, मग घरोघर घागरी, पिंपं भरून ठिवली. वरच्या आळीतबी."

"आणि सहा दिवस पीत बसले सगळे!"

"न्हाई ताई. टँकर परवा आलाच न्हाई. तरीबी कुणी हात लावला न्हाई. मावशीचं पाणी हाय ते."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. तोवर आम्ही आल्याचं गावभर झालं होतं आणि बायका घागरी घेऊन यायला लागल्या. दारात भांड्यांची रांग लागली. भाऊंनी कॅन हातगाडीवर आणले, झाकणावर खडूनं 'हौद' लिहिलेले.

शेवटी वरच्या आळीची एक म्हातारी आली. आईच्याच वयाची, कमरेवर घागर, चालताना दम लागलेला. ही त्या आडावर वरून पाणी ओतणाऱ्यांतली, हे मला आईच्या चेहऱ्यावरून कळलं.

"कुठं ओतू माय?" तिनं विचारलं.

"ह्यातलं पिलात का तुमी?" आई म्हणाली.

"न्हाई ओ. तुमाला इचारल्याबिगर कसं प्यावं?"

आई उठली. आत जाऊन तांब्या घासून आणला, त्या घागरीत बुडवला आणि म्हातारीपुढं धरला. म्हातारीनं सवयीनं ओंजळ पुढं केली. आईनं मान हलवली.

"वरून न्हाई ओतायचं आता. तोंड लावून प्या."

म्हातारीनं तांब्या दोन्ही हातांनी धरला, तोंडाला लावला आणि तळापर्यंत प्यायली. आईनं तो रिकामा तांब्या घेतला, पुन्हा बुडवला आणि स्वतः तोंड लावून प्यायली.