कूलरसमोरची संख्या

सवत असावी तर डोळ्यांना दिसणारी तरी असावी. माझी सवत म्हणजे एक संख्या होती.

आमचे हे अंबडला कॉलेजात गणित शिकवतात. गेल्या उन्हाळ्यात यांनी कुठून तरी जुना कॉम्प्युटर आणला अन् त्याला कामाला जुंपलं. दोनाला दोनानं गुणायचं, परत दोनानं, असं कोट्यवधी वेळा, अन् शेवटी एक वजा करायचा. जी दांडगी संख्या येईल, तिला एक अन् ती स्वतः सोडून दुसऱ्या कोणाचा भाग जातो का, एवढंच बघायचं. नाही गेला तर ती मूळ संख्या. "एका ओळीत लिहिली ना, तर ओळ पार वडीगोद्रीच्या पुढं जाईल," हे सांगताना यांचा चेहरा असा खुलला होता! लग्नात मला हार घालताना पण एवढा खुलला नव्हता. माझा नुसता जळफळाट.

कॉम्प्युटर तापतो म्हणून घरातला एकुलता एक कूलर त्याच्याकडं वळला. इकडं मी घामानं निथळत भाकरी थापतेय अन् बाईसाहेबांना गार वारं! लाईट गेली की पंखा बंद, इन्व्हर्टर तिच्यासाठी राखून.

"अहो, मी बी माणूसच हाय," मी एकदा चिडून बोलले.

"अगं, थोडे दिवस. इतकी मोठी अन् बिलकुल एकटी निघाली तर बघ!"

ती एकटी म्हणे. मंग मी कोण होते?

शेजारीण म्हणाली, "दारू न्हाई, पत्ते न्हाई, नशीब समज." काय समजायचं डोंबल! दारूवरून भांडता तरी येतं. मी रोज देवापुढं दिवा लावून एकच मागायचे, हिला कोणाचा तरी भाग जाऊ दे.

एका रविवारी दुपारी मी गच्चीवरून वाळलेल्या कुरडया घेऊन खाली आले, तर हे खुर्चीत गुमान बसलेले.

"जातो भाग," म्हणाले. "मूळ न्हाई ती."

मला आतून नुसत्या उकळ्या फुटल्या. "कोणाचा जातो?"

"ते कळत न्हाई. या तपासणीत जातो एवढंच कळतं. कोणाचा, ते शोधायला जन्म पुरायचा न्हाई."

मी कूलर ओढला अन् तोंड स्वयंपाकघराकडं केलं. यांनी अडवलं नाही. वळून बघितलं, तर चष्मा काढून बाहीनं डोळे पुसत होते.

माझी आई गेली तेव्हा कुंभार पिंपळगावला सगळं यांनीच बघितलं. गाडी, पाहुणे, दहावा, कशात काही कमी पडू दिलं नाही. पण डोळ्यात टिपूस नव्हतं. या माणसाला रडताच येत नाही, अशी मी तेव्हा मनाची समजूत घातली होती.

येत होतं की. चांगलं येत होतं. कूलर आता माझ्याकडं होता, तरी अंगाची आग काही थांबेना.