उसवलेली बाही

मी इटलीत शिवणकाम शिकायला तीन महिने होते, तेव्हा आम्हाला एका नामांकित फॅशन डिझायनरच्या कारखान्यात नेलं होतं. ऐंशी ओलांडलेले गृहस्थ, जगभर नाव. वाटलं होतं, खुर्चीत बसून नुसतं बोट दाखवत असतील. तर ते पुतळ्यापुढे वाकून, ओठांत टाचण्या धरून, एका तयार कोटाची बाही उसवत होते. खांद्याशी बारीकशी चुणी पडत होती, एवढंच.

मदतनीस बाई म्हणाल्या, "उद्या शो आहे. लांबून कुणाला दिसणार नाही."

टाचण्या काढून ते म्हणाले, "घालणारीला हात उचलताना कळेल."

कापडाच्या दुकानात ठाणं उलगडण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती म्हणे. माणूस मोठा झाला की त्याची चूक उसवायला दुसरे हात मिळतात. यांनी ते काम अजून कुणावर सोपवलं नव्हतं.

आज शेजारच्या सवितावहिनी लेकीच्या लग्नात घालायचा, मी शिवलेला ब्लाउज न्यायला आल्या. घालून बघितला, तर काखेत किंचित ओढत होता.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या, "पदराखाली कोण बघतंय? उद्यावर लग्न आलंय."

माझ्याही ओठांवर 'बरं' आलं होतं. ते गिळलं आणि ब्लेड हातात घेतलं.

"वहिनी, पाठवणीला लेकीला जवळ घ्याल, तेव्हा हात आखडायला नको. काढा तो."