पाळकसाहेबांना हवा असलेला शांत स्वर्ग

टेस्ट अर्धी झाली होती आणि तायडे पाळकसाहेबांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, तुमची बीप कोनती अन् माह्या कानातली कोनती, समजूनच नाई राहिलं," ते म्हणाले आणि साउंडप्रूफ खोलीतून बाहेर येऊन फेऱ्या मारू लागले.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कान तपासते, ऐकायची मशीन बसवते. क्लिनिक अमरावतीला, आठवड्यातून एकदा अकोल्याला जाते. शांतवन तायडे अकोल्याचे, चर्चमधून रिटायर झालेले पाळक, म्हणजे पास्टर. त्यांच्या कानात सतत शिट्टी वाजायची. आम्ही त्याला टिनिटस म्हणतो. बाहेर आवाज नसतोच. वयानं आतल्या कानातल्या पेशी मरतात, बारीक, म्हणजे उंच पट्टीचे, आवाज मेंदूपर्यंत पोचत नाहीत, आणि ती रिकामी जागा मेंदू स्वतःच आवाज करून भरतो.

थांबत थांबत टेस्ट पूर्ण केली. ग्राफ वाटला होता तसाच निघाला. जाड आवाज ठीक, बारीक आवाज गेलेले.

"हिअरिंग एड लावू," मी म्हटलं. "बाहेरचे आवाज आत गेले की शिट्टी मागे पडते."

"आधीच आवाजानं जीव चालला, त्यात आनखी आवाज टाकता?"

"शिट्टी बंद करणारं औषध नाही, साहेब."

ते खुर्चीत बसले, लगेच उठले. "मी जिंदगीभर मयतीत सांगत आलो, स्वर्गात रात्रंदिवस गाणं चालते. लोकायले धीर येत होता. आता मलेच ते आठवलं का घाबरल्यासारखं होते. मले गाणं नाई पायजे. मले शांत पायजे. असा पाळक असते काय कुठं?"

मी विचारलं, घरी कोण असतं?

बायको होती, मार्थाबाई. हृदय थकलेलं, अंथरुणाला खिळलेल्या. डॉक्टरांनी हात टेकले होते. "रोज दुपारी मले इचारते, तिथं कसं असन. मी काय सांगू तिले? उठून अंगणात जातो."

ते मला आठवडाभर टोचत राहिलं. पुढच्या खेपेला मशीनची ट्रायलची जोडी बॅगेत टाकली आणि त्यांच्या घरी गेले. ते दारातच नको म्हणाले.

"एक तास लावा. त्रास झाला तर काढून ठेवा."

मशीन सेट करायला ओळखीचा आवाज बरा पडतो. मी त्यांना मार्थाबाईंच्या पलंगाशी बसवलं, लॅपटॉप जोडला. मार्थाबाईंना दम पुरत नव्हता, आवाज अगदी क्षीण.

"आजी, काही बोला."

"काय बोलू?"

"रोज दुपारी बोलता तेच."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "तिथं असं असन," त्या म्हणाल्या, "का तिथून बदली नसन."

पाळकसाहेबांचा हात कानाकडे गेला. "काय म्हनली?"

"बदली नसन म्हनलं. चर्चवाले बदली करत आन् आपन पेटी बांधत. परतवाड्याले लिंबू लावला, वलगावले संत्रा लावला. फळं दुसऱ्यानंच खाल्ले. तिथं मी झाड लावीन अन् त्याच्याखाली बसून राहीन."

"पन तू त मले इचारत होती, कसं असन?"

"मी काहून इचारीन? मी सांगून राहिली होती. तुमी आयकाच्या आधीच उठता."

'कसं' आणि 'असं' यांत एका 'क'चा फरक. क, स, श ही बारीक आवाजाची अक्षरं. ती ऐकू येत नसली की अक्षर होतं की नव्हतं, ते माणूस अंदाजानं भरतो. पाळकसाहेबांना आयुष्यभर लोक 'कसं असेल' हेच विचारत आले. त्यांनी तेच भरलं होतं.

ते उठले नाहीत. हळूच म्हणाले, "अन् गाणं?"

"इथं झालं तितलं पुरे," मार्थाबाई म्हणाल्या. "तिथं तुमी घरी राहा."

मी लॅपटॉप मिटला आणि बाहेर आले. तास कधीच उलटून गेला होता. मशीन परत द्यायचं त्यांनी नावही काढलं नाही.

शिट्टी गेली नाही, अजून आहे. मार्थाबाई पुढे थोडेच आठवडे जगल्या. नंतर सर्व्हिसिंगला आले तेव्हा पाळकसाहेबांनी सांगितलं, मयतीत बोलायला ते स्वतःच उभे राहिले होते. झाडाचं आणि बदलीचं सांगितलं, गाण्याचा विषय काढला नाही. मी विचारलं, "आता त्या गाण्याची भीती वाटत नाही ना?" ते म्हणाले, "वाटते कधी कधी." आणि बॅटरी किती दिवस चालते ते विचारू लागले.

तेव्हापासून कान तपासायला येणाऱ्याला मी एकटं येऊ देत नाही. घरातलं माणूस सोबत आणायला सांगते. कुणाचं बोलणं बुडतंय, हे ग्राफवर दिसत नाही.