जाळीपलीकडे अलगद

या जगात घाई नावाची काही चीज असते, हे माझ्या थोरल्या दिरांना कोणी कधी कळवलेलंच नसावं. भाऊजी भोरच्या एका कचेरीत होते, आणि आम्ही सगळे कचेरीजवळच राहत होतो. नसरापूरची एसटी सुटायला आली तरी ते उरलेल्या दाण्यांच्या पुडीची नीट घडी घालूनच चढत, आणि कंडक्टर दोरी धरून मुकाट्यानं उभा राही. जाऊबाई संतापल्या की ते इतक्या मऊ आवाजात "बरं" म्हणत, की पुढचं भांडण त्या विसरूनच जात. कचेरीमागच्या अंगणात फक्कीनं आखलेल्या जागेत सकाळी बॅडमिंटन चाले, तिथेही हेच. समोरच्यानं दातओठ खाऊन स्मॅश हाणावा, भाऊजींनी रॅकेट नुसती पुढे धरावी, आणि फूल जाळी ओलांडून पलीकडे टपकन पडावं. "अहो, एकदा तरी मारा की!" लोक ओरडत. "त्यानं मारलंय की. पुरे," भाऊजी म्हणत.

त्यांचे जोडीदार टेम्पोवाले हमीदभाई. त्यांचा फटका मात्र असा, की कावळे झाड सोडून जात. त्यांना हार्ट अटॅक आला. पुढं डॉक्टरांनी बेतानं खेळायला परवानगी दिली, पण त्यांचा धीरच सुटला होता. मफलर गुंडाळून कडेला बसत. "आपलं झालं आता, भाऊ," म्हणत. भाऊजी रोज त्यांच्यापुढे रॅकेट धरत. "नुसतं हुबं ऱ्हावा. बाकी मी बगतो."

एकदाचे हमीदभाई उठले. समोर दोन तरणीबांड पोरं. मी आणि जाऊबाई दुधाची किटली घेऊन तिथंच थांबलो. भाऊजी आलेला प्रत्येक फटका असा काही निववत होते, की हमीदभाईंना दम खायला फुरसत मिळावी. पोरं जाळीपाशी धावून धावून घामाघूम. "काका, खेळा की जोरात!"

तेवढ्यात एक फूल उंच, थेट हमीदभाईंच्या डोक्यावर आलं. हात सवयीनं वर गेला. जाऊबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. हमीदभाई क्षणभर थबकले, आणि त्यांनी ते फूल जाळीपलीकडे अलगद ठेवून दिलं.

पोरं धावेपर्यंत ते खाली पडलं होतं. भाऊजी जाळीची गाठ बघायच्या निमित्तानं पाठमोरे झाले, ते बराच वेळ वळले नाहीत. माझेही डोळे भरून आले.

आता तिथं गाड्या लावतात. तिथून जाताना मला हमीदभाईच दिसतात, धापा टाकत हसणारे.

"मारनारच व्हतो, भाऊ. पन म्हनलं, उद्या बी यायचंय."