टॉवेलाखालचा भाव

माझ्या मामासासऱ्यांनी आयुष्यात कुणाची पहिली बोली कधी मान्य केली नाही. कळमन्याच्या बाजारात संत्र्याची दलाली करण्यात हयात गेली. टॉवेलाखाली समोरच्याची बोटं धरून गुपचूप भाव ठरवायचा, जितकी बोटं तितका आकडा, ही त्यांची जुनी रीत. धंदा सुटला, पण खांद्यावरचा टॉवेल सुटला नाही आणि घासाघीसही नाही. थर्मामीटरने एकशे दोन ताप दाखवला तर मामींना म्हणणार, "शंभर धर वं, तो जास्त सांगून राहिला."

पोटातल्या गाठीने पित्ताची नळी दाबली, तेव्हा डॉक्टरांनी त्या नळीत धातूचा जाळीदार स्टेंट बसवला होता. काही महिन्यांनी तो तुंबला. हे आधी मामांनाच कळलं. आरशात स्वतःचे पिवळे डोळे बघून त्यांनी संत्र्याची प्रत ठरवावी तसा निकाल दिला, "माल पिकून राहिला, जवाईबापू. गाडी काढा." काढली. सावनेरहून नागपूर, तोच रस्ता, सदरमधला तोच दवाखाना, त्याच कडक खुर्च्या. खरं सांगतो, मी पार थकून गेलो होतो. माणसावर जीव नसता तर इतका थकलो नसतो.

"गाठ जाळीतून आत वाढलीय," डॉक्टर म्हणाले. "जुना स्टेंट आता निघणार नाही. दुर्बिणीतून आतला गाळ काढू आणि त्याच्याच आत प्लास्टिकचा नवा घालू."

"काहून? बगीच्यातलं ड्रिप चोक झालं का आम्ही अ‍ॅसिड सोडतो. तसं सोडा नं थोडं."

डॉक्टर हसले नाहीत. मग मामांनी उपाशी राहण्यात निदान अर्धा कप चहाची सूट मागितली. तीही मिळाली नाही.

नळी मोकळी झाली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "कावीळ उतरेल. पण गाठ थांबणारी नाही. तीनेक महिने त्यांच्याकडे आहेत, असं धरून चला."

आत आलो तर मामी उशाशी बसलेल्या. मामांनी माझा हात हातात घेतला आणि वर टॉवेल टाकला. "बोला जवाईबापू, काय भाव निघाला?"

मामींसमोर त्यांना काय विचारायचं होतं, ते मला कळलं. मी त्यांची पाचही बोटं घट्ट धरली.

मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग टॉवेलाखाली त्यांनी दोन बोटं हळूच सोडवून घेतली आणि उरलेली तीन माझ्या मुठीत राहू दिली. पहिली बोली त्यांनी याही वेळी मानली नाही. फक्त भाव स्वतःहून उतरवला.

"पटलं," ते म्हणाले.

"काय पटलं?" मामींनी विचारलं.

"घरी जायचं पटलं. जवाईबापूले चहा सांग वं, थकले ते."

चहा आला, निवला. मला काही त्यांचा हात सोडवेना.