घोंगडीमागे

अक्का, सत्तर साली मी पुण्याला निघालो तेव्हा शेवगावच्या स्टँडवर आई एसटीच्या चाकांकडे बघत उभी होती. माझ्याकडे बघितलं असतं तर रडली असती. "पोचल्यावर पत्र धाड," एवढंच म्हणाली. मी फोटो स्टुडिओत लागलो. बोटांना डार्करूमच्या औषधांचा वास चिकटला आणि वर्षाच्या आत 'आमी'चं 'आम्ही' झालं. फार शहाणा झालो होतो मी.

दोन वर्षांनी मालकांनी फुलांच्या कॅलेंडरसाठी कॅमेरा आणि बारा फोटोंचा रंगीत रोल हाती दिला. बाग कशाला हवी, मागे काळा पडदा आणि तिरपं ऊन असलं की कुठलंही फूल देखणं दिसतं, अशी शेखी मिरवून मी गावी आलो. बहात्तरचा दुष्काळ होता. अंगणात हिरवं म्हणशील तर न्हाणीजवळची सदाफुली, आईनं भांडी विसळलेल्या पाण्यावर जगवलेली.

फोटो काढायला येतोय, असं पत्रात लिहिलं होतं. आई ठेवणीतलं इरकल नेसून, ठसठशीत कुंकू लावून तयार होती. मला वाटलं, मी आलो म्हणून. तिच्या हातात वडिलांची काळी घोंगडी दिली आणि सदाफुलीमागं धरून उभी राहा म्हणालो. फुलांवर दव दिसावं म्हणून पिण्याच्या घागरीतलं ओंजळभर पाणी शिंपडलं. ती घागर तिनं दोन कोसांवरून आणली होती. घोंगडी ताठ धरून, मान वर करून कॅमेऱ्याकडे बघत राहिली. दर फोटोनंतर विचारायची, "हालले न्हाई ना मी?" नाही, झकास, असं मी म्हणायचो.

कॅलेंडर घेऊन आलो तेव्हा तिनं आळीतल्या बायका बोलावून ठेवल्या होत्या. हात पदराला पुसून तिनं एकेक पान उलटलं. शेवटचं झालं, पुन्हा पहिल्यावर आली.

"यात मी कुठं हाय रं?"

मी हसलो. अक्का, तू तिथंच होतीस, मी हसलो. मग ओशाळून म्हणालो, पुढच्या खेपेला फक्त तुझाच काढतो.

"ऱ्हाऊ दे. फुलं झ्याक आलीत," म्हणाली आणि स्वतः खिळा ठोकून तिनं ते भिंतीला लावलं.

त्यानंतर तीनदा आलो, तीनदा कॅमेरा पुण्यातच राहिला. लोकांच्या लग्नांत गुंतलेला असायचा. चौथ्यांदा तुझी तार आली म्हणून आलो. हार घालायला घरात तिचा एकही फोटो नव्हता, आणि मी पोटापाण्याला फोटोग्राफर. याची लाज मला अजून वाटते.

परवा तू विचारलंस, आता तुझं घर कुठलं, पुणं की शेवगाव. माझ्या हॉलमध्ये ती सदाफुली फ्रेम करून लावली आहे. येणारे जाणारे फुलाला नावाजतात, कुठली बाग म्हणून विचारतात. मी मागच्या काळ्या रंगाकडे बघत राहतो. त्याच्या वरच्या कडेशी फोटो संपतो, आणि तिथून चार बोटांवर आईचा चेहरा होता. माझं घर तेवढ्या चार बोटांत आहे, अक्का. ती अजून तिथं उभी आहे, जराही न हलता.