हफ्रच्या दुकानातला अमेरिकन शर्ट

अब्बांचं शिलाईचं दुकान आवरायला मी रियाधहून कुवेतच्या सीमेजवळच्या हफ्र अल बातिनला गेले तेव्हा हातात दोनच दिवस होते. कफीलनं, म्हणजे दुकानाचा परवाना ज्याच्या नावावर त्या सौदी माणसानं, सांगून टाकलं होतं, खलास, या महिन्यात दुकान बंद. अब्बांची पंचाहत्तरी आलेली, सुईत दोरा ओवायला शेजाऱ्याला बोलवावं लागायचं. ते रत्नागिरीला परतलेले मलाही हवे होते. पहिल्या दिवशी मशीन गेलं, उरलेलं कापड वाटून टाकलं. दुसऱ्या दिवशी अब्बा अडून बसले.

"मी नाही जात. गिऱ्हाईक येईल."

"कोणतं गिऱ्हाईक?"

त्यांनी वरच्या फळीवरून पिशवी काढली. आत वाळूच्या रंगाचा वर्दीचा शर्ट, छातीवर नावाची पट्टी. कुवेतच्या लढाईच्या वेळचा.

त्या हिवाळ्यात गाव अमेरिकन सैनिकांनी भरून गेलं होतं आणि अब्बा दिवसभर त्यांच्या नावांच्या पट्ट्या शिवत. आमच्या कोकणात एक आडनाव म्हणजे एक मोहल्ला, सगळे एकमेकांचे कुणीतरी लागतात. तोच हिशेब त्यांनी अमेरिकेला लावला. उघड्या गाडीत गोळी लागून गेलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या आडनावाचा एक जण आला, तर त्याच्यापाशी यांनी दुखवटा व्यक्त केला: मी शाळेत होतो, रेडिओवर ऐकलं, फार वाईट झालं. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्याच्या आडनावाचा आला, त्याला चहा आणि बिस्किटं. तो बिचारा सांगत राहिला की आमचा काही संबंध नाही. अब्बांना तो विनय वाटला.

हा शर्ट ज्याचा, तो तिशीतला काळा सैनिक. आडनाव त्यांच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचं. अब्बांनी त्याला स्टुलावरून उठवून आपली खुर्ची दिली आणि विचारलं, "तुम्ही त्यांच्या घरचे ना?"

तो हसला. "घरचेच. पण विकत घेतलेले."

गुलामांना मालकाचं नाव लागायचं, हे अब्बांना तेव्हा कळलं. मग त्यानं आईचं सांगितलं. बसमध्ये गोऱ्या माणसासाठी जागा सोडायला एका बाईनं नकार दिला आणि तिच्यामागे शहरातल्या काळ्या लोकांनी वर्षभर बसच सोडली. त्या वर्षी त्याची आई रोज चालत गोऱ्यांच्या घरी इस्त्री करायला जायची आणि परत आल्यावर मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसायची.

अब्बांनी शर्ट ठेवून घेतला. मान खाली घालून म्हणाले, "उद्या या, तयार ठेवतो." दुसऱ्या दिवशी त्याची तुकडी उत्तरेला हलली.

"माफी मागायची राहिली गो," अब्बा मला म्हणाले. "खुर्ची दिली ती चुकीच्या कारणासाठी. त्याच्या आईसाठी द्यायला हवी होती."

"अब्बा, तो आता पासष्टीचा असेल. शर्टासाठी कोण येतं अमेरिकेतून?"

"जगला की नाही तेही मला माहीत नाही. पण आला आणि शटर बंद बघून परत गेला तर?"

मी लेकीला फोन लावला. तिनं नेटवर शोधून दोन मिनिटांत निकाल दिला, "अम्मी, इस नाम के हज़ारों हैं." पट्टीवर नुसतं आडनाव.

रियाधची बस तासाभरात होती. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी जाड मार्कर आणला आणि शटरवर अब्बांच्या वतीनं इंग्रजीत लिहिलं: तुमचा शर्ट तयार आहे, माझ्या मुलीकडे रियाधला आहे. खाली माझा नंबर. अब्बांनी तो मला मोठ्यानं म्हणायला लावला आणि एकेक आकडा बोट ठेवून तपासला.

"आला तर बसवशील?"

"बसवीन."

"आणि कारण सांगशील?"

"सांगीन. चला आता, यल्ला."

मग त्यांनी स्वतः कुलूप लावलं.

अब्बा आता रत्नागिरीत आहेत. शर्ट माझ्या कपाटात आहे, मी तो एकदा धुऊन इस्त्री केला. पूर्वी मी अनोळखी नंबर उचलत नसे. आता उचलते. आजवर सगळे क्रेडिट कार्डवालेच निघाले आहेत.